दाखविणाऱ्याचे उत्तरदायित्व : देखावा, प्रवासपट आणि शिक्षक

समीक्षाव्यवहारात लेखक, संहिता आणि वाचक या त्रयीचा जितका विचार झाला, तितका त्या तिघांच्या मध्ये उभ्या असणाऱ्या चौथ्या व्यक्तीचा झालेला नाही. ही व्यक्ती कलाकृती निर्माण करीत नाही आणि केवळ आस्वादकही नसते. दुसऱ्याने निर्माण केलेले ती तिसऱ्यासमोर ठेवते. कीर्तनकार, ग्रंथपाल, संग्रहालयातील मार्गदर्शक, वर्गात कविता वाचून दाखविणारा अध्यापक ही तिची परिचित रूपे होत. या सर्वांत विचाराला सर्वाधिक अवघड असे रूप म्हणजे वर्गाच्या खिडक्यांना कांबळी लावून, पडद्यावर हिमालयाची शिखरे, केरळातील खाड्या किंवा चिखलदऱ्याच्या दऱ्या दाखविणारा शिक्षक. कीर्तनकाराला परंपरेचा आधार असतो, संग्रहालयातील मार्गदर्शकाजवळ प्रत्यक्ष वस्तू असते. या शिक्षकाजवळ यांपैकी काहीच नसते. जे दाखवावयाचे ते त्याने चित्रित केलेले नाही; बहुधा त्याने ते पाहिलेलेही नाही. तरीही वर्गातील अंधारात ‘हे पाहा’ असे म्हणण्याचा अधिकार तो घेतो. या ‘हे पाहा’मध्ये कोणते नैतिक उत्तरदायित्व अनुस्यूत आहे, हा येथील प्रश्न आहे.

मराठी भाषेने या प्रश्नाची अडचण एका शब्दात साठवून ठेवली आहे. निसर्गाचे रम्य रूप म्हणजे देखावा. गणेशोत्सवात मंडपात मांडली जाते ती सजावट म्हणजे देखावा. आणि मनात नसलेले बाहेर दाखविणे म्हणजेही देखावाच. तिन्ही अर्थ एकाच क्रियापदाच्या पोटातून आले आहेत, आणि त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावाचून ठरत नाही. ‘दर्शन’ या शब्दाची गोष्ट वेगळी. दर्शन घडावे लागते, ते देणारा कोणीतरी असतो आणि घेणाऱ्याला त्यासाठी चालत जावे लागते. देखावा मात्र बसल्या जागी मांडता येतो. प्रवासपट हा या अर्थाने शुद्ध देखावा आहे : त्यात प्रवास दुसऱ्याने केलेला असतो व श्रम वगळून त्याचे केवळ फळ प्रेक्षकाच्या हाती येते.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो एका स्थळाशी बांधून पाहणे इष्ट ठरेल. कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचे गाव. विदर्भाची प्राचीन राजधानी व रुक्मिणीचे माहेर अशी त्याची ख्याती. मो. गं. दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुराणाने सांगितलेल्या नगराखाली महापाषाणीय व सातवाहनकालीन वस्तीचे थर असल्याचे त्यामुळे अभ्यासकांसमोर आले. रुक्मिणीची पालखी येथून दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. ती चारशे वर्षांहून जुनी मानली जाते. नदीपलीकडे वर्धा जिल्हा सुरू होतो. अशा गावातील शाळेत एखाद्या दुपारी प्रवासपट दाखविला जात आहे अशी कल्पना केली, तर एक चमत्कारिक स्थिती लक्षात येते. ज्या मुलांना दूरचा देखावा दाखविला जात आहे, त्यांचे गाव हाच इतरांसाठी एक देखावा आहे. यात्रेकरू येतात, टेकाडावरच्या मंदिरातून नदीचे पात्र पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. पाहणारा आणि पाहिला जाणारा या दोन्ही भूमिका त्या वर्गातील मुलांच्या वाट्याला एकाच वेळी येतात. फक्त दुसरी भूमिका त्यांना कोणी सांगितलेली नसते.

चित्राशेजारी उभा राहून बोलणारा माणूस महाराष्ट्राला नवा नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, प्रकाशाचा झोत आणि त्याच्या जोडीला निवेदन असा तो खेळ होता. तेथे चित्र एकटे काहीच सांगत नसे. निवेदकावाचून तो खेळ अपुरा होता. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या बीपासून रोप कसे उगवते याचे चित्रण केले, त्यात प्रथमच निसर्ग स्वतःच्या गतीने, पण माणसाने आवळलेल्या काळात, पडद्यावर आला. भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी हे चित्रण उपयोगी पडले ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मराठी माणसाने पडद्यावर दाखविलेला पहिला निसर्ग हा एका युक्तिवादाचा भाग होता. पुढे १९४८ साली भारत सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग मुंबईत स्थापन झाला आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी माहितीपट दाखविणे सक्तीचे असल्यामुळे दऱ्याखोऱ्या, धरणे, मंदिरे व नृत्ये यांची एक ठराविक राष्ट्रीय चित्रमालिका खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ने १९८४ पासून शालेय मुलांसाठी मराठी कार्यक्रम तयार केले, २०१७ साली ती संस्था बंद झाली.

या इतिहासात एक बदल निर्णायक आहे. कंदिलाच्या खेळातील निवेदक पडद्याशेजारी उभा होता, त्याचा चेहरा दिसत होता, तो चुकला तर त्याला थांबविता येत होते. माहितीपटातील निवेदन चित्रातच विरघळले. तो भारदस्त आवाज कोणाचा, त्याला हे सर्व कसे ठाऊक, तो कोणाच्या वतीने बोलतो, हे विचारण्याची सोय उरली नाही. एस. सुखदेव यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठीच देशाचे चित्र निवेदनाशिवाय उभे केले, तेव्हा हा आवाज किती अंगवळणी पडला होता याची जाणीव पहिल्यांदा झाली असावी. शाळेतील शिक्षकाच्या हाती मात्र हा आवाज बंद करण्याची कळ असते. ती दाबून तो स्वतः बोलू लागला की शतकभरापूर्वीचा निवेदक वर्गात परत येतो. त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही येते.

ही जबाबदारी कोणती, याचे पाश्चात्त्य विचारातील सर्वांत कठोर उत्तर रूसोने १७६२ सालच्या ‘एमील’मध्ये दिले आहे. तिसऱ्या भागात शिक्षक मुलाला सूर्योदय दाखवायला नेतो. दृश्याने शिक्षक भारावलेला असतो आणि तोच भाव मुलाच्या मनात उतरविण्याची त्याला घाई असते. रूसो याला निव्वळ मूर्खपणा मानतो. मुलाला वस्तू दिसतात, त्यांना जोडणारे संबंध दिसत नाहीत. निसर्गाच्या भव्यतेला प्रतिसाद देणारे मन अनुभवाने घडते आणि तो अनुभव अजून त्याच्या वाट्याला आलेला नाही. रूसोचे हे म्हणणे प्रवासपटाला दुपटीने लागू पडते. एमीलसमोर निदान खरा सूर्य उगवत होता, पहाटेची थंडी होती, पायाखाली ओले गवत होते. पडद्यावरील सूर्योदयात ही जोड नाही, आणि म्हणून शिक्षकाचा उत्साह हेच तेथील एकमेव ऊन असते.

परंतु रूसोचा आक्षेप शेवटपर्यंत टिकत नाही. त्यात गृहीत असे आहे की न समजलेले सौंदर्य व्यर्थ जाते. बालपणी पाठ झालेल्या ओवीचा अर्थ चाळिशीत उमगतो, तसे दृश्याचेही होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो कांटचा. ‘निर्णयशक्तीची चिकित्सा’ (१७९०) या ग्रंथात सौंदर्यानुभवाच्या निरपेक्षतेचा पाया घालणारा कांटच पुढे म्हणतो की निसर्गसौंदर्यात जो मनःपूर्वक रस घेतो त्याच्या ठिकाणी नैतिक वृत्तीची शक्यता मानण्यास आधार आहे. मात्र हा रस, समोर आहे ते निसर्गानेच निर्माण केले या जाणिवेवर अवलंबून असतो. रानबुलबुलाचा आवाज हुबेहूब काढणारा पोरगा यजमानाने झुडपात लपविला आहे असे कळताच पाहुण्यांचे लक्ष उडते, हे त्याचे उदाहरण. सूर तेच असतात, पण गाणारा पक्षी नाही एवढ्याने सारे संपते.

प्रवासपट हा झुडपातील पोरगा आहे काय? आंद्रे बाझँ याने १९४५ साली छायाचित्राच्या अस्तित्वस्वरूपाविषयी जे लिहिले त्यात याचे नकारार्थी उत्तर मिळते. छायाचित्र ही नक्कल नसून ठसा आहे. वस्तूचा प्रकाश स्वतःच काचेवर उमटतो, आणि म्हणून छायाचित्र फूल किंवा हिमकण यांसारखे नैसर्गिक घटनेच्या रूपाने आपल्यावर परिणाम करते. हे मान्य केले तर शिक्षक मुलांना फसवीत नाही. तो त्यांना खऱ्या पक्ष्याचा दूरवरून आलेला आवाज ऐकवितो. तथापि बाझँचे उत्तर केवळ अर्धेच पुरते. ठसा खरा असला तरी तो कोठून घेतला, कशाचा घेतला नाही, हे ठशात उमटत नाही. पाहुण्यांना फसविण्यासाठी पोरगा लपवावा लागतो. पडद्यावर फसविण्यासाठी काही लपविण्याचीही गरज नसते, चौकट थोडी डावीकडे वळविली की पुरते.

याचे उदाहरण त्याच जिल्ह्यात आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावरून दिसणारा मेळघाट हा कोणत्याही प्रवासपटाला मोहविणारा विषय : धुक्यातील दऱ्या, सागवान, गाविलगडाची तटबंदी. १९७४ पासून तेथे व्याघ्रप्रकल्प आहे. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याची गणना होते. या देखाव्यात कोरकूंची गावे क्वचित दिसतात, आणि दिसलीच तर नृत्याच्या वेषात. १९९३च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता महाराष्ट्रभर पोहोचली. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड या गावांचे व्याघ्रप्रकल्पाच्या अंतर्भागातून पुनर्वसन झाले. दृश्यातून माणसे प्रथम छायाचित्रकाराने वगळली आणि नंतर ती प्रत्यक्षातही हलविली गेली असा कार्यकारणभाव जोडणे अन्याय्य ठरेल. पुनर्वसनाची कारणे वेगळी आणि गुंतागुंतीची आहेत. पण निर्मनुष्य अरण्य हेच खरे अरण्य, ही समजूत अशा असंख्य दृश्यांनी रुळविली हे नाकारता येत नाही. रेमंड विल्यम्स याने १९७३ साली इंग्लिश ग्रामजीवनाच्या संदर्भात दाखवून दिले की राबणारा प्रदेश सहसा ‘निसर्गदृश्य’ होत नाही. दृश्य होण्यासाठी पाहणारा त्या प्रदेशापासून सुटा व्हावा लागतो. जपानी समीक्षक कारातानी कोजिन यांनी तर निसर्गदृश्याचा शोध हा भोवतालच्या बाह्य जगाबद्दल उदासीन झालेल्या, आत वळलेल्या मनाचा शोध असल्याचे प्रतिपादन केले आहे. हे दोन्ही विचार एकत्र धरले की वर्गातील अंधाराचा अर्थ पालटतो. खिडकीला लावलेले कांबळे केवळ उजेड अडवीत नाही. ते खिडकीबाहेरच्या नदीलाही तेवढ्या वेळापुरते रद्द करते.

मग नदीच दाखवावी, असे कोणी म्हणेल. नदीपलीकडच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. मुलाने हाताच्या कामातून आणि सभोवारच्या परिसरातून शिकावे हे त्याचे सूत्र. या सूत्राची नैतिक ताकद मोठी आहे. परंतु ते प्रवासपटाविरुद्धचा युक्तिवाद म्हणून वापरले की त्यातून एक कठोर निष्कर्ष निघतो : शेतमजुराच्या मुलाने आपल्या उपयोगाचे तेवढेच पाहावे. शहरातील मुलाला आल्प्स पाहण्याचे प्रयोजन कोणी विचारीत नाही. खेड्यातील मुलाकडून मात्र प्रत्येक दृष्टिक्षेपाचा हिशेब मागितला जातो. निरुपयोगी सौंदर्याकडे टक लावून पाहण्याचा हक्क हा शिक्षणातील लहानसहान हक्क नव्हे. मर्ढेकरांनी सौंदर्यभावनेची स्वायत्तता ज्या आग्रहाने मांडली, त्या आग्रहाचा सामाजिक अर्थ येथे, कापसाच्या प्रदेशातील वर्गात, अनपेक्षितपणे उजळतो. कलाक्षेत्रात हस्तिदंती मनोरा म्हणून ज्या भूमिकेची संभावना झाली, तीच येथे वंचिताच्या बाजूने उभी राहते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेला स्वायत्ततेचा व लौकिकाचा असे दोन ध्रुव असल्याचे म्हटले. शिक्षकाची अडचण अशी की एकच दृश्य दाखविताना त्याला दोन्ही ध्रुवांवर उभे राहावे लागते : मुलांना निरपेक्ष पाहू द्यावयाचे आहे आणि ज्यांच्या जमिनीकडे ती पाहत आहेत त्यांना नाहीसे करावयाचे नाही.

या पेचातून वाट काढताना आधुनिक सिद्धान्तांपेक्षा विदर्भाच्याच जुन्या ग्रंथपरंपरेकडे वळणे अधिक फलदायी दिसते. ‘मेघदूत’ हा, थोडे धाडस करून म्हणावयाचे तर, बोललेला प्रवासपट आहे. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजेच रामटेक असे प्रतिपादिले. तेथून यक्ष मेघाला अलकेपर्यंतची वाट दाखवितो आणि जाता जाता पर्वत, नद्या, नगरे त्याच्यासमोर मांडतो. हा निवेदक स्वतः जागचा हलू शकत नाही, वर्गातील शिक्षकासारखाच. पण त्याने मांडलेल्या प्रत्येक दृश्यात मेघावर काही ऋण आहे. आम्रकूटावरचा वणवा विझविल्यामुळे पर्वत त्याला डोक्यावर घेतो. पिकाचे यश त्याच्यावर अवलंबून आहे म्हणून खेड्यातील स्त्रिया त्याच्याकडे भाबड्या डोळ्यांनी पाहतात. नुकत्याच नांगरलेल्या शेताचा गंध त्याच्या बरसण्यातून उठतो. नद्यांचे पाणी पिऊन तो हलका-जड होतो. मेघ पाहतो तसा पाहिलाही जातो. तेथे निसर्ग रम्य आहे, तरी निर्मनुष्य नाही, आणि शेतावरची ती नजर दृश्याच्या सौंदर्यात उणेपणा आणीत नाही. आधुनिक प्रवासपटाने जे वेगळे केले ते कालिदासाने एकत्र धरले होते.

दुसरे उदाहरण महानुभावांचे. त्याच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर हे त्या पंथाचे मोठे स्थान. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे नोंदविली आहेत : कोणत्या गावी, कोणत्या दिशेला, कोणत्या मंदिरात, कोठे बसले, कोठे निजले. हा ग्रंथही प्रवासाचाच आहे, पण त्यात देखावा शोधून सापडणार नाही. ठिकाण रम्य आहे म्हणून नव्हे, तर तेथे काही घडले म्हणून ते नोंदले जाते. देखाव्याला दुरून पाहावे लागते. स्थानाला जाऊन हात लावावा लागतो. प्रवासपटाची भाषा पूर्णपणे पहिल्या प्रकारची असल्याने त्यात दिसणाऱ्या प्रत्येक दृश्याचे कोणासाठी तरी ‘स्थान’ असणे अदृश्य होते.

आणि तिसरे उदाहरण कौंडण्यपूरचे स्वतःचे. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेले नव्हते. भागवताच्या दशम स्कंधानुसार घरी येणाऱ्यांनी केलेल्या वर्णनातून तिला त्याचे रूप व गुण कळले. नरेंद्राने तेराव्या शतकात आणि एकनाथांनी १५७१ साली याच आख्यानावर मराठी काव्ये रचली. प्रत्यक्षाशिवाय, केवळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून उत्पन्न झालेला हा अनुराग खोटा का वाटत नाही? दूरच्या गोष्टीचे दुय्यम ज्ञान हे नेहमीच हीन, असे मानणाऱ्या रूसोवादी शिक्षणविचाराला या कथेत उत्तर आहे. रुक्मिणी ऐकून थांबली नाही, तिने पत्र लिहिले. ऐकलेल्याने तिच्यावर निर्णयाची पाळी आणली. पण उत्तराचा दुसरा भाग सांगणाऱ्यांविषयीचा आहे, आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो : त्यांनी जे वर्णिले ते पाहिलेले होते. ते ज्या मुलुखातून आले होते तेथे परत जाणार होते, आणि त्यांचे वर्णन पडताळून पाहता येण्याजोगे होते.

न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची हीच अट आहे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने विषयाचा साक्षात्कार केला आहे आणि जे जसे पाहिले तसे कळविण्याच्या इच्छेने जो बोलतो. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचेही भाष्यकार सांगतो. म्हणजे आप्तत्व कुळावर वा पदावर अवलंबून नाही. या कसोटीवर प्रवासपट दाखविणारा शिक्षक आप्त ठरत नाही. खुर्ची, पदवी, हातातील छडी यांपैकी कशानेही तो आप्त होत नाही. न पाहिलेल्या हिमालयाविषयी तो पाहिल्यासारखे बोलू लागला की देखाव्याचा तिसरा अर्थ वर्गात शिरतो, आणि तो चित्रपटातून येत नाही, शिक्षकाच्या तोंडून येतो. ‘हे मीही पाहिलेले नाही’ एवढे एक वाक्य मात्र त्याची जागा बदलते. तो पडद्याच्या बाजूने निघून मुलांच्या बाजूला येतो, आणि मग वर्गातील प्रश्न खरे होतात : हे कोणी टिपले, ते कोठे उभे होते, ही पायवाट कोणाच्या पायांनी पडली, धूर कोणाच्या चुलीचा आहे. या प्रश्नांनी निरपेक्ष आस्वाद बिघडतो असे मानण्याचे कारण नाही. पहिल्यांदा चित्र निःशब्द पाहू द्यावे आणि दुसऱ्यांदा विचारावे, एवढा क्रम पाळला तरी पाटणकरांचे दोन्ही ध्रुव एका तासात सांभाळता येतात. बोलण्याची घाई, जी रूसोला खटकली होती, ती येथे खरोखरच दोषास्पद आहे. निसर्गाविषयी बोलणे हे दोषास्पद नाही.

या विवेचनाची खरी कसोटी उलट्या प्रसंगात लागते. कौंडण्यपूरच्याच वर्गात कौंडण्यपूरवरचा एखादा प्रवासपट दाखविला, तर आप्त कोण? निवेदक सांगेल की हे रुक्मिणीचे माहेर, प्राचीन विदर्भाची राजधानी, वर्धेच्या निळ्या पाण्याकाठी वसलेले. मुलांना ठाऊक असते की पाणी निळे क्वचितच असते आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला १९९३ साली पूर्ण झालेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की ते काय रंगाचे होते. ज्या जलाशयाला नल-दमयंती सागर हे काव्यमय नाव मिळाले आणि जो पर्यटनाच्या चित्रांत हमखास झळकतो, तो या मुलांसाठी नदी किती वाढेल याचा हिशेब आहे. कार्तिकात गर्दी कोठे दाटते, कोणत्या घाटाची पायरी निसरडी, पालखी निघते तेव्हा कोणाकोणाच्या घरचे माणूस तिच्याबरोबर चालू लागते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. अशा वेळी शिक्षकाने आवाज बंद करण्याची कळ दाबली आणि स्वतःही गप्प राहिला, तर निवेदन कोणाकडे जाते हे त्या वर्गात लगेच कळून येईल. आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यावर मेळघाट आला, तर धुक्यातल्या दरीकडे पाहताना त्यांतील एखादे मूल विचारू शकेल की तिथल्या शाळेत आमची नदी दाखवितात काय.